पहिला तास मोडू नये म्हणून

माण गावठाणात आणि हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तिसऱ्या टप्प्याजवळच्या सोसायट्यांमध्ये मी बाळाच्या जन्माचे फोटो काढते. गावठाणात बाळंतिणीच्या खोलीचा कारभार आजीकडे असतो. सोसायटीत बऱ्याचदा नवरा-बायको दोघंच, गावाकडची माणसं अजून एसटीत. दोन्हीकडे पहिली बैठक सातव्या-आठव्या महिन्यात होते आणि कॅमेऱ्याचा विषय शेवटी निघतो.

आधी परवानगी. डॉक्टरांची, रुग्णालयाची आणि सगळ्यांच्या आधी बाळंत होणारीची. नवऱ्याने होकार दिला म्हणून तिचाही आहे, असं मी धरत नाही. काय टिपायचं, काय मुळीच नाही, फोटो कोणाकोणाला दाखवायचे, हे तिच्याशी एकटीशी बोलून लिहून घेते. काही रुग्णालयं लेबर रूममध्ये एकाच माणसाला सोडतात, काही कोणालाच नाही. तिथे आमचं काम दाराबाहेर सुरू होतं: दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आजीच्या हातात येतं, तिथून. ‘बारशापर्यंत फोटो नको गं, दृष्ट लागते,’ असं आजी म्हणाल्या, तर फोटो काढून घरातच ठेवायचे, मोबाइलवर कुठे पाठवायचे नाहीत, यावर बहुतेक एकमत होतं. नाही झालं, तर मी फोटो काढत नाही.

मग रस्ता. हिंजवडीतली ऑफिसं सुटली की वाकडकडे जाताना गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. म्हणून रुग्णालय त्या बाजूला असेल, तर कळा सुरू झाल्यावर डॉक्टरांना फोन गेला की लगेच मलाही करा, असं सांगून ठेवते.

खोली आधी पाहून घेणं फार उपयोगी पडतं. फ्लॅश वापरायचा नाही, म्हणून खिडकी कुठे, दिवे कोणते, बाळाला ऊब देणारा वॉर्मर कोणत्या भिंतीला, हे सिस्टरांना विचारून बघते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. त्यामुळे ट्यूब आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण शटरचा वेग फार वाढवला की फोटोवर काळपट पट्टे उमटतात. मी 1/100 सेकंदाच्या आसपास राहते, 35 मिमीची लेन्स पूर्ण उघडते, आयएसओ वाढवते आणि कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवते. उभं राहायचं आईच्या उशाशी, खांद्यामागे. सिस्टर आणि वॉर्मर यांच्या मध्ये कधीच नाही. सिझेरियन असेल तर निर्जंतुक हिरव्या कापडांपासून लांब, भूलतज्ज्ञ दाखवतील तिथे.

एवढी तयारी कशासाठी, ते बाळ बाहेर आल्यावर कळतं. बाळ ओलं असतं आणि फार लवकर गार पडतं. बाळ-बाळंतीण ठीक असतील तर त्याला पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात. नाळ किमान एक मिनिट थांबून बांधावी आणि पहिल्या तासात बाळाला आईच्या अंगावरून हलवू नये, दूधही त्याच तासात पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्तनपानासाठी भारत सरकारने 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘माँ’ कार्यक्रमाचाही पहिल्या तासातल्या दुधावर भर आहे. त्या वेळी बाळाला जरा उचला, टोपडं काढा, इकडे वळवा, असं सांगण्याचा अधिकार फोटोग्राफरला नाही. अंगावरचा पांढरा थर फोटोसाठी पुसायला सांगायचा नाही. त्वचेला त्याचा उपयोग असतो आणि पहिली अंघोळही निदान 24 तासांनी घालावी असा सल्ला आहे.

बाळ लगेच रडलं नाही, तर कॅमेरा खाली आणि मी भिंतीला. डॉक्टरांच्या हाताला जागा लागते.

सगळं सुरळीत असेल तर मागावं न लागता मिळतं. गर्भलिंगनिदानाला 1994च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून ‘मुलगी झाली’ हे आई तिथे पहिल्यांदा ऐकते. त्या क्षणी माझी लेन्स तिच्या चेहऱ्यावर असते. नवजात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरपर्यंतचंच जरा स्पष्ट दिसतं, आणि दूध पिताना आईचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. खांद्यामागून दोघांची ती नजरानजर मिळाली, की आणखी काही मिळवायचं उरत नाही.

फोटोग्राफर बोलवा किंवा नका बोलवू, एवढं मात्र करा. सातव्या महिन्यातच रुग्णालयाला नियम विचारा. हवे असलेले चार-पाच फोटो कागदावर लिहा. मोबाइल एकाच माणसाच्या हातात द्या, फ्लॅश बंद करायला सांगा. स्टेटसला काय जाईल हे बाळंतिणीला ठरवू द्या. आणि एखादा फोटो राहिलाच तर राहू द्या; त्यासाठी बाळाला आईच्या अंगावरून उचलू नका.