श्वासाचा बंदोबस्त

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे जे दोन भाग लोकव्यवहारात पिढ्यानपिढ्या मानले जातात, त्यांपैकी घाटावरच्या भागावर थंडीचा अंमल अधिक कडक असतो. आणि मार्गशीर्ष सरून पौष लागला, तुरीच्या शेंगा भरल्या, हरभरा फुलोऱ्यावर आला, की मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम या गावातून पहाटे दुचाकीवर निघणाऱ्या माणसाला त्या अमलाची जाणीव बोटांना आणि कानांना होण्याच्या आधी डोळ्यांपुढच्या काचेवर होते. हेल्मेट चढवून काच खाली ओढावी, तर दोनचार श्वासांतच नाकासमोरून एक पांढुरका थर उठतो आणि कडांकडे पसरत जातो. पुढचा रस्ता, कडेच्या बाभळी, समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा एकुलता दिवा हे सारे त्या थरापलीकडे नुसते उजेडाचे डाग होऊन राहते.

हे संकट क्षुल्लक वाटण्यासारखे आहे, आणि तसे वाटते म्हणूनच त्याचा नीट विचार फारसा कोणी करीत नाही. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे हे गाव नावारूपाला आले. आश्रमाच्या शाळा आणि कृषी महाविद्यालय यांच्यामुळे सकाळच्या प्रहरी साऱ्या पंचक्रोशीतील रहदारी या एका ठिकाणी गोळा होते, आणि तिच्यात मोठा भरणा दुचाकींचा असतो. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला. पण त्या रस्त्यावर दुचाकीला मज्जाव असल्याने दूधवाल्याची, विद्यार्थ्याची, शिक्षकाची आणि शेतमजुराची गाडी पूर्वीच्याच वाटांनी जाते, जेथे पाठीमागे दिवा नसलेली ट्रॉली, कपाशीची बैलगाडी आणि रस्त्यात उभी राहिलेली म्हैस ही अंधारात एकाएकी पुढे ठाकतात. अशा रस्त्यावर डोळ्यांपुढील काच स्वच्छ असणे हा जिवाचा प्रश्न आहे.

गावातील स्टँडवर, चहाच्या टपरीची भट्टी नुकतीच पेटलेली असताना, मी या काचांकडे लक्ष देऊन पाहत बसलो आहे. येणारा जवळपास प्रत्येक जण काच वर सारून आलेला असतो. डोळे लाल, गालांवर पाण्याचे ओघळ, पापण्यांना धूळ. काहींच्या हेल्मेटला काचच उरलेली नसते, ती काढून घरी खुंटीला लावलेली असते, आणि काहींचे हेल्मेट आरशाला लटकत असते, कारण ते घातले की दिसत नाही अशी त्यांची कैफियत. दुधाच्या कॅन दोन्ही अंगांना बांधून आलेला एक मध्यमवयीन गृहस्थ हात शेकता शेकता मला म्हणाला, "काच लावली त दिसत नाही भाऊ, अन् उघडली त डोयातून पाणी येते. कराव काय मानसानं?" त्याच्या त्या प्रश्नात तक्रारीपेक्षा थकवा अधिक होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने डोक्यावर शिरस्त्राण घालण्याचा हुकूम केला आहे आणि त्यावर मानक संस्थेचा शिक्का असावा अशी तजवीजही केली आहे. मात्र त्याची काच पौषातल्या पहाटे पारदर्शक कशी राहावी, ही विद्या ज्याची त्याने मिळवायची असते. तिचा सारा भर आदल्या संध्याकाळी करावयाच्या तयारीवर आहे, असे माझे पाहून आणि करून झालेले मत आहे. गाडी चालू असताना काचेवर जे करायचे ते फार थोडे, आणि तेही बाहेरच्या बाजूने.

काचेवर येते काय, हे आधी समजून घ्यावे. विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या वैद्याने १८१४ मध्ये दवावरचा आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. लोकरीचे छोटे पुंजके रात्रभर उघड्यावर ठेवून आणि सकाळी तोलून त्याने दाखवून दिले की, दव आकाशातून पडत नाही, तर निरभ्र रात्री स्वतःची उष्णता गमावून हवेपेक्षा थंड झालेल्या वस्तूंवर हवेतीलच बाष्प जमते. आपल्या भागात हरभऱ्याच्या शेतावर रात्री स्वच्छ पांढरे फडके पसरून पहाटे ते पिळून आंब काढण्याचा जो रिवाज आहे, त्यात पानांवरच्या आम्लाला वाहून आणणारे पाणी हेच दव होय. हेल्मेटच्या आत तीच घटना घडते, केवळ बाष्पाचा पुरवठा आपण स्वतः करतो. नाकातून बाहेर पडणारी हवा सुमारे ३४ अंश सेल्सिअसची आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. अशा एका घनमीटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम पाणी सामावते, तर १० अंशांच्या हवेत ९ ग्रॅमच्या आसपासच. उरलेल्याने जायचे कोठे? वाऱ्याने थंडगार झालेली काच चेहऱ्यापासून चार बोटांवर असते, तिच्यावर ते बसते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहासात लिटर हवा आत-बाहेर करतो, म्हणजे तासाला सुमारे पंधरा ग्रॅम पाणी श्वासावाटे टाकतो; आणि साऱ्या काचेला अंध करण्यास एक दशांश ग्रॅमदेखील पुरते. हिशेबाने पाहिले तर अर्ध्या मिनिटाचा श्वास पुरे.

पाणी स्वतः पारदर्शक असूनही काच आंधळी का होते, याचे उत्तर थेंबांच्या आकारात आहे. हेल्मेटची काच ही वस्तुतः काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचे कठीण प्लास्टिक असते, आणि त्याला पाण्याची ओढ फारशी नसल्याने त्यावर जमलेले पाणी पसरत नाही. असंख्य सूक्ष्म थेंबांच्या रूपाने ते टिकून राहते, आणि प्रत्येक थेंब प्रकाशाला वेगळ्या दिशेने वाकवतो. म्हणून इलाजाचे मार्ग तीनच संभवतात: थेंबांना मोडून त्यांचा सपाट पापुद्रा करणे, श्वास काचेपर्यंत पोचू न देणे, किंवा काचेची आतली बाजू थंडच होऊ न देणे.

पहिल्या मार्गाची तयारी संध्याकाळी होते, आणि तिला घाई चालत नाही. काच दोन्ही कानांकडच्या खटक्यांवरून सोडवून हेल्मेटपासून वेगळी करावी. दिवसभरात तिच्यावर चिकटलेले किडे वाळून कठीण झालेले असतात. त्यांना नखाने खरवडण्याऐवजी कोमट पाण्यात भिजवलेले सुती फडके काचेवर पसरून ठेवावे आणि ते मऊ पडेपर्यंत थांबावे. नंतर सौम्य साबणाच्या पाण्यात, बोटांच्या पेरांनी, मुळीच न दाबता ती धुवावी, भरपूर पाण्याने खळबळून काढावी आणि सावलीत उभी करून निथळू द्यावी. गॅरेजवर पेट्रोलच्या बोळ्याने काच पुसून देण्याची जी वहिवाट पडली आहे, ती सर्वस्वी घातक आहे. पेट्रोल, थिनर, अमोनियायुक्त काच-क्लीनर यांच्या संपर्काने पॉलिकार्बोनेटच्या पृष्ठावर केसासारख्या चिरा पडतात आणि तिचा आघात सोसण्याचा गुण, ज्यासाठी ती बसवलेली असते, तोच क्षीण होतो. धुळीच्या फडक्याने, शर्टाच्या बाहीने किंवा वर्तमानपत्राने पुसल्यास उठणारे ओरखडे दिवसा दिसत नाहीत. रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्यांच्यावर पडला म्हणजे प्रत्येक ओरखडा पेटतो. धोतराच्या जुन्या, अनेक धुण्यांनी मऊ झालेल्या पानाइतके या कामाला योग्य कापड मला दुसरे आढळलेले नाही.

काच पूर्ण वाळली की आतल्या बाजूवर लहान मुलांच्या शांपूचा एक थेंब घ्यावा, तो बोटाने सर्वत्र पातळ पसरावा, वाळू द्यावा, आणि कोरड्या मऊ फडक्याने, साबणाचे अस्तित्व डोळ्यांना जाणवेनासे होईपर्यंत, हलक्या हाताने चोळून काढावा. चोळूनही तो सर्वस्वी जात नाही. त्याचा जो अदृश्य लेप उरतो तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे बाष्प थेंब न धरता सलग पसरते आणि त्यातून आरपार दिसते. एका सकाळच्या प्रवासाला हा लेप पुरतो. दुसऱ्या संध्याकाळी तो नव्याने द्यावा लागतो. पावसात गाडीच्या काचेवर तंबाखू चोळण्याचा ट्रकचालकांचा जो जुना तोडगा आहे तो हेल्मेटवर मात्र आणू नये, कारण त्याची पिंगट झाक आणि बारीक कण काचेवर राहतात. ज्या काचेला कारखान्यातच धुकेरोधक लेप दिलेला असतो, ती ओली असताना घासूच नये.

साबणाच्या या उपायाला हसण्याचे कारण नाही. अंतराळवीरांनाही याचाच आश्रय घ्यावा लागला. जून १९६६ मध्ये जेमिनी ९-अ या यानातून बाहेर पडलेला यूजीन सर्नन दोन तासांहून अधिक काळ अवकाशात झगडत होता. श्रमाने त्याचा श्वास आणि घाम इतका वाढला की पोशाखातील हवेला ती आर्द्रता उपसता येईना, शिरस्त्राणाची काच आतून पार धुकटली, आणि नाकाच्या टोकाने घासून केलेल्या लहानशा जागेतून पाहत, नेमून दिलेले काम सोडून त्याला परतावे लागले. पुढच्या मोहिमांत काचेला आतून धुकेरोधक द्रव लावण्याची व्यवस्था झाली, आणि त्या द्रवाचा एक मुख्य घटक साधा द्रवरूप साबण होता. परंतु त्याचीही दुसरी बाजू एप्रिल २००१ मध्ये क्रिस हॅडफील्ड या कॅनडाच्या अंतराळवीराला अनुभवावी लागली: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर काम करीत असता तोच द्रव त्याच्या डोळ्यांत गेला आणि काही काळ दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे झाले. लेप चोळून काढण्यावर मी जो भर देतो तो याचसाठी. जास्तीचा साबण ओलाव्याने सुटून खाली ओघळतो, आणि गाडीवर असताना डोळा चोळायला दोन्ही हात मोकळे नसतात.

दुसरा मार्ग श्वासाला वळण लावण्याचा. आपल्याकडे थंडीत मफलर किंवा दुपट्टा नाकावरून घट्ट गुंडाळून वर हेल्मेट चढवतात. त्याने ऊब येते हे खरे, पण कापडाने खाली अडवलेला श्वास गालांच्या कडेने वर चढतो आणि नेमका काचेवर जाऊन आदळतो. मफलर गळ्याभोवती आणि हनुवटीपर्यंतच ठेवावा, नाक मोकळे असावे. आणि हेल्मेटला नाकावर टेकणारी रबरी पट्टी असल्यास ती काढून न टाकता नीट बसवावी, कारण श्वासाला खाली ढकलणे हेच तिचे काम. हनुवटीपुढचे झरोके थंडी वाजते म्हणून बुजवलेले असतात, ते उघडावेत. गाडी सुरू केल्यावर काच सर्वस्वी न मिटता एका खटक्याइतकी उचलून ठेवली, तर तेवढ्या फटीतून शिरणारा वारा ओलावा घेऊन जातो. गाडी थांबली, फाटकापाशी किंवा गुरांच्या कळपापाशी, की वारा थांबतो आणि धुके तत्काळ बसते, तेव्हा थांबतानाच काच वर सारावी. चष्मा असलेल्यांची अडचण दुप्पट, कारण धुके आधी चष्म्यावर धरते. एका निवृत्त गुरुजींना मी चष्म्यालाही तोच साबणाचा लेप देताना पाहिले, आणि त्यांचा चष्मा त्या सकाळी निर्मळ होता. कोराडी जलाशयाच्या बाजूने जाताना कधी बाहेरचेच धुके इतके दाट असते की काचेच्या बाहेरही पाणी जमते. ते डाव्या हाताच्या मोज्याने पुसायला हरकत नाही, उजवा हात मुठीवरून सुटता कामा नये.

तिसरा मार्ग खर्चाचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पिनलॉक या डच कंपनीने रूढ केलेल्या पद्धतीत मूळ काचेच्या आत, सिलिकॉनच्या कडेने जोडलेली दुसरी पातळ काच दोन खुंट्यांवर बसते. मधल्या कोंडलेल्या हवेमुळे आतली काच थंड होत नाही, आणि तिचे द्रव्यही ओलावा शोषून घेणारे असते. ज्या हेल्मेटच्या काचेत या खुंट्यांची सोय असेल त्याला हा उत्तम उपाय. बाजारातील साध्या हेल्मेटांत ती सोय सहसा नसते.

पौष वद्य सप्तमीच्या सुमारास आश्रमात विवेकानंदांचा जन्मोत्सव भरतो, लाखांवर माणसांची महाप्रसादाची पंगत बसते, पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरवरून वाढली जाते, आणि ती उरकून अंधार पडल्यावर दुचाक्यांची रीघ चहूकडच्या खेड्यांच्या दिशेने सुटते. शेकडो स्वयंसेवक या व्यवस्थेत राबतात. त्यांतील काहींनी दुचाकी उभ्या करण्याच्या जागी कोमट पाण्याची एखादी बादली, सौम्य शांपू आणि धुतलेल्या जुन्या धोतरांची फडकी मांडून, निघणाऱ्या प्रत्येकाची काच आतून पुसून द्यावी, असे मला मनापासून वाटते. एका काचेला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. फडकी मात्र दोन निराळी हवीत, ओले एक आणि कोरडे एक, आणि कोरडे भिजले की लगेच बदलावे.