नाताळची पेटुनिया सप्टेंबरात पेरावी लागते



गेल्या नाताळात आपल्यापैकी अनेकांनी पोलादपूरकडच्या आदिवासीवाडीतून आलेल्या पेटुनियाच्या कुंड्या घरी नेल्या. काही मंडळ्यांनी त्या उपासना मंदिराच्या ओसरीत टांगल्या. त्यानंतर तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. ही फुले घरी बियांपासून करता येतील का? गेल्या वर्षीच्या झाडाचे बी धरून ठेवले तर चालेल का? आणि डिसेंबरात आणखी कुंड्या मागितल्या तेव्हा ‘आता होणार नाही’ असे उत्तर का मिळाले? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे झाडाच्या वाढीतच आहेत, म्हणून ती वाढ या अंकात सविस्तर मांडते आहे.

झाडाची ओळख

पेटुनिया मूळची दक्षिण अमेरिकेतली. जुसिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०३ साली तिला हे नाव दिले. तिकडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत तंबाखूला ‘पेतुन’ म्हणत, त्यावरून ते आले. तंबाखू, वांगी, टोमॅटो आणि मिरची ज्या कुळातली, त्याच कुळातले हे झाड आहे. ज्याला मिरचीचे रोप करता येते त्याला पेटुनियाचेही करता येईल. हात मात्र थोडा अधिक हलका हवा.

साधी पेटुनिया लहान झुडपासारखी उभी वाढते. आपण टांगत्या कुंडीत पाहतो ती पसरणारी जात. तिची उंची वीतभरच असते, पण फांद्या तीन-चार फूट पसरतात. वाफ्यात लावली तर ती जमीन झाकते आणि कुंडीत लावली तर काठावरून खाली लोंबते. जपानमध्ये तयार झालेल्या ‘पर्पल वेव्ह’ या जातीला १९९५ साली ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ हा मान मिळाला आणि बियांपासून होणाऱ्या पसरत्या पेटुनियाचा सगळीकडे बोलबाला झाला.

आपल्याकडचा हंगाम

थंड देशांत हे उन्हाळ्याचे फूल. महाड-पोलादपुरात मात्र ते हिवाळ्याचे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या माऱ्यात पाकळ्या फाटतात आणि मुळे कुजतात. मार्चच्या उन्हात झाड दमते. म्हणजे उघड्यावर तिचे दिवस ऑक्टोबरअखेरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत.

बी पेरल्यापासून पहिले फूल यायला साधारण बारा आठवडे लागतात. पसरणाऱ्या जातींना कधी त्याहून थोडे जास्त. नाताळापासून उलटे मोजले तर पेरणी सप्टेंबरच्या मध्यावर येते. तेव्हा बाहेर पाऊस असतो, म्हणून पेरणी छपराखाली, पण भरपूर उजेडात करावी लागते.

आणखी एक गोष्ट जात निवडताना पाहावी. आपल्या अक्षांशावर डिसेंबरातला दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. ‘पर्पल वेव्ह’सारख्या काही जाती दिवस मोठा होईपर्यंत फुलायला उशीर करतात. नाताळात फुले हवी असतील तर लहान दिवसातही फुलणारी, ‘ईझी वेव्ह’सारखी जात घ्यावी.

पेरणी

मोहरीच्या दाण्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पेटुनियाचे बी पाहिले की मोहरी मोठी वाटू लागते. एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० बिया मावतात. संकरित बी बहुधा मातीचा लेप दिलेल्या बारीक गोळ्यांच्या रूपात मिळते. ते हाताळायला सोपे, आणि नवख्याने तेच घ्यावे.

कोकोपीट आणि बारीक चाळलेले गांडूळखत एकत्र करून ९८ खणांच्या प्रोट्रेमध्ये भरावे. ट्रे नसेल तर तळाला भोके पाडलेला उथळ डबाही चालतो. लाल माती या कामाला नको, कारण ती वाळली की वर पापुद्रा धरतो आणि अंकुर अडतो. मिश्रण आधी ओले करावे, मग प्रत्येक खणात एक गोळी नुसती वर ठेवावी. बी मातीने झाकू नये. त्याला रुजायला उजेड लागतो. सुटे बी असेल तर ते कोरड्या बारीक वाळूत मिसळून, घडी घातलेल्या कागदावरून हळूहळू सोडावे. नंतर फवाऱ्याने धुक्यासारखे पाणी मारावे. गोळीचा लेप विरघळला पाहिजे.

ट्रेवर प्लास्टिकचा कागद घालून तो उजेडात ठेवावा, थेट उन्हात नको. पाच ते दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. ते दिसले की कागद लगेच काढावा. आमच्याकडे मुंग्या फार, म्हणून ट्रे ठेवायच्या मांडवीचे पाय पाण्याच्या डब्यांत असतात.

पुढचे तीन आठवडे सर्वांत नाजूक. या काळात रोपे मानेशी काळी पडून आडवी होतात. ओल जास्त आणि वारा कमी असला की हा मर रोग येतो. त्यावर उपाय म्हणजे धुतलेले ट्रे, मोकळी हवा, आणि वरून पाणी न घालता ट्रे थोडा वेळ पाण्याच्या परातीत ठेवणे. मिश्रणात ट्रायकोडर्मा मिसळला तर अधिक चांगले. खरी पाने दिसू लागली की आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९ खत द्यावे. पाच-सहा आठवड्यांत, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी, रोप हलवायला तयार होते.

कुंडीत आणि वाफ्यात

कुंडीसाठी चाळलेली माती, कोकोपीट आणि चांगले कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. आठ इंची कुंडीत एक रोप पुरते, बारा इंची टांगत्या कुंडीत तीन. कुंडीला पाच-सहा तास ऊन मिळायला हवे. टांगती कुंडी चहूबाजूंनी वाळते, म्हणून रोज मातीत बोट घालून पाहावे आणि कोरडी लागली तर तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. हे झाड खादाड आहे. कुंडीत फुलायला लागले की दर आठवड्याला पातळ खत द्यावे.

वाफा अर्धा फूट उंच, गादीसारखा करावा. दोन रोपांत एक ते दीड फूट अंतर ठेवावे. जांभ्याची लाल माती आंबटसर असते आणि ती पेटुनियाला मानवते. चुन्याच्या किंवा खाऱ्या जमिनीत तिला लोह मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. म्हणून वाफ्यात चुलीची राख टाकू नये. कोंबड्यांपासून वाचवायला सुरुवातीला काटक्यांचे कुंपण लागते.

पसरणाऱ्या जातींचा शेंडा खुडायची गरज सहसा नसते. जानेवारीच्या शेवटी फांद्या लांब आणि मधे उघड्या दिसू लागल्या तर निम्म्यावर छाटून खत द्यावे. काही आठवड्यांत झाड पुन्हा फुलते. ज्यांच्याकडे गेल्या वर्षीच्या कुंड्या जानेवारीत ‘संपल्या’, त्यांनी यंदा हे करून पाहावे.

मावा आणि फुलकिडे यांवर निंबोळी अर्क फवारावा. पाकळ्यांना भोके पडलेली दिसली तर संध्याकाळी अळी शोधून हाताने काढावी. हरभऱ्याच्या घाट्यांवर पडणारी अळी इथेही येते.

एक नियम मात्र वाडीत कडक पाळतो. तंबाखू, विडी किंवा मशेरी हाताळलेल्या हाताने रोपांना स्पर्श करायचा नाही. दोन्ही एकाच कुळातली, त्यामुळे तंबाखूचा केवडा नावाचा विषाणूजन्य रोग हातावरून रोपात जातो. पाने चट्टेरी होतात आणि रोप उपटून टाकण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणून ट्रेशेजारी साबण आणि बादली असते.

आता बी धरून ठेवण्याबद्दल. बाजारातले बी बहुतेक संकरित असते. त्याच्या झाडावर धरलेल्या बियांतून आईसारखी झाडे येत नाहीत. कुणी उभे वाढते, कुणी फिक्या फुलाचे निघते. घरच्या हौसेला चालेल, विक्रीला नाही. म्हणजे बी दरवर्षी नव्याने घ्यावे लागते, आणि त्याचे पैसे ऑगस्टमध्येच लागतात.

उचल आणि पेरणी एकाच वेळी

डिसेंबरातल्या ‘आता होणार नाही’चे कारण इथे येते.

कातकरी हे नाव खैरापासून कात काढण्याच्या जुन्या धंद्यावरून पडले. जंगल हातचे गेले आणि तो धंदाही गेला. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गट मानले आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. दिवाळी झाली की वाड्यांतली कितीतरी घरे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर जातात आणि शाळेचे दुसरे सत्र बुडते.

हे जाणे ठरते मात्र दिवाळीच्या बरेच आधी. पावसाळ्याच्या शेवटी घरातले धान्य संपलेले असते, मजुरी नसते, आणि मुकादम रोख रक्कम घेऊन येतो. हीच उचल. ती घेतली की हंगामभर ती फेडायला राबायचे. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच भट्टीवर. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचल चालू आहे.

आता दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवून पाहा. पेटुनिया पेरायची सप्टेंबरात, आणि मुकादम येतो तोही त्याच दिवसांत. कुंडी विकायची डिसेंबरात. मधले तीन महिने ट्रेपाशी रोज कुणीतरी हवे. जिने सप्टेंबरात उचल घेतली, ती नोव्हेंबरात पाणी घालायला वाडीत नसते. डिसेंबरात आलेली मागणी कितीही मायेची असली तरी तिच्यासाठी मागे जाऊन बी पेरता येत नाही, आणि गेलेले घर परत आणता येत नाही.

तीन हंगाम पाच जणी माझ्याबरोबर ही रोपे करतात. रानभाज्या ओळखणारी त्यांची नजर बारीक आहे. कोणत्या खणातले रोप उद्या माना टाकणार हे त्यांना माझ्या आधी दिसते. गेल्या वर्षी पाचांपैकी दोन घरांनी उचल घेतली नाही. तीन घरांनी घेतली. त्यांची रोपे मागे राहिलेल्यांनी सांभाळली आणि त्यांचा वाटा त्या परतल्यावर हाती दिला. राहिलेली दोन घरेही केवळ फुलांवर राहिली नाहीत. भातानंतर लावलेला वाल आणि गावातली मजुरी यांची जोड होती. पेटुनिया भट्टीची जागा घेईल असे मी म्हणणार नाही. पण त्या दोन घरांतली चार मुले दुसऱ्या सत्रात शाळेत होती, एवढे मी पाहिले आहे.

म्हणून यंदा एक बदल सुचवते. नाताळासाठी कुंड्या हव्या असतील तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आपल्या पाळकांकडे नाव आणि कुंड्यांची संख्या द्या, आणि अर्धी किंमत तेव्हाच द्या. त्यातून बी आणि कोकोपीट येईल. उरलेली रक्कम बायांच्या हातात त्याच महिन्यात पडेल, ज्या महिन्यात मुकादम दारात उभा असतो. रोपे मेली तर ते पैसे कुणाकडून वसूल होणार नाहीत. नुकसान मिशन सोसेल, आणि ज्यांना कुंडी मिळाली नाही त्यांना मिशन पैसे परत करेल. उचलीत आणि या आगाऊ रकमेत फरक तो हाच. ही देणगी समजू नका. हा सौदा आहे, आणि फूल चांगले नसेल तर तसे सांगायचा आपल्याला हक्क आहे. गेल्या वर्षी एका मंडळीने कुंड्यांत माती कमी भरली होती असे कळवले. यंदा काठापासून बोटभर खालपर्यंतच भरायचे ठरले आहे.

ज्यांना घरीच पेरायचे आहे त्यांनीही सप्टेंबरच्या मध्यावर पेरावे. काही अडले तर पाळकांमार्फत विचारावे. उत्तर बहुधा मी नाही, पाचांपैकी कुणीतरी देईल.

प्रार्थनेसाठी विषय: पाऊस वेळेवर उघडावा. ट्रेमध्ये मर येऊ नये. यंदा पाचांपैकी निदान तीन घरांना ‘नको’ म्हणण्याचे बळ मिळावे. आणि जी घरे भट्टीवर जातील, ती मुलाबाळांसह सुखरूप परत यावीत.