एका दिवसाच्या पल्ल्यावरची बंदरे

क्रोएशियाच्या दक्षिणेकडील दाल्मेशिया हा प्रदेश समुद्रमार्गे पाहण्याची जी पद्धत गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे, तीत सुमारे ३० ते ४० प्रवासी घेणारी, ४० ते ५० मीटर लांबीची जहाजे स्प्लिट किंवा दुब्रोव्हनिक येथून निघतात आणि आठवडाभर बहुतेक रात्री वेगवेगळ्या बेटांच्या धक्क्याला लागतात. वातानुकूलित खोल्या, उत्तम भोजन आणि वरच्या मजल्यावरील आरामाची सोय यांमुळे या सफरींना आलिशान म्हटले जाते. परंतु अशा सोयी कोणत्याही मोठ्या क्रूझ जहाजावर मिळतात आणि बहुधा अधिकच मिळतात. या सफरींचे खरे वैशिष्ट्य जहाजाच्या आकारात आहे, कारण हा आकार या किनाऱ्यावरील बंदरांच्या घडणीशी मिळताजुळता आहे.

एड्रियाटिक समुद्राच्या या पूर्व किनाऱ्यावर लहानमोठी बेटे आणि खडक मिळून संख्या बाराशेच्या वर जाते, मात्र कायमची मनुष्यवस्ती जेमतेम ५० बेटांवर आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभापासून १७९७ पर्यंत या किनाऱ्याच्या बऱ्याच भागावर व्हेनिसच्या प्रजासत्ताकाची सत्ता होती आणि त्या सत्तेचा आधार गॅली हे जहाज होते. गॅली म्हणजे शिडे असूनही मुख्यतः वल्ह्यांवर चालवता येणारे, लांबट आणि उथळ बांधणीचे जहाज. त्याची लांबी साधारण ४० मीटर असे. दीडदोनशे वल्हेकरी आणि त्यांच्याखेरीज खलाशी व सैनिक यांना पुरेल इतके गोडे पाणी त्या अरुंद जहाजात फार दिवस साठवता येत नसे, त्यामुळे त्याला वारंवार किनारा गाठावा लागे. या जलमार्गावर आश्रयाची बंदरे एकेका दिवसाच्या पल्ल्यावर नांदती राहिली, त्यामागे पाण्याची ही निकड होती. आजचे लहान पर्यटक जहाज इंजिनावर चालते आणि त्याला पाण्याची तशी चणचण नाही. तरीही लांबीने ते गॅलीच्या जवळपास असल्यामुळे तिच्यासाठी घडलेल्या बंदरांत सहज मावते.

ह्वार बेटावरील ह्वार हे शहर या दृष्टीने विशेष पाहण्याजोगे आहे. तेथील चौकाच्या टोकाशी, समुद्राकडे तोंड करून उभा असलेला आर्सेनाल, म्हणजे युद्धनौकांच्या दुरुस्तीसाठी बांधलेली प्रशस्त कमानदार इमारत, गॅली आत ओढून घेता येईल अशा मापाने बांधला गेला, आणि १६१२ मध्ये त्याच्याच वरच्या मजल्यावर सार्वजनिक नाट्यगृह सुरू झाले, जे युरोपातील सर्वांत जुन्या सार्वजनिक नाट्यगृहांपैकी एक मानले जाते. नौकांची दुरुस्ती खाली आणि नाटके वर, ही रचना एका बंदरवजा शहराने आपल्या कमाईचा विनियोग कसा केला ते सांगते, आणि समुद्रातून संथपणे आत येणाऱ्या प्रवाशाला ती जशी उलगडते तशी मागच्या डोंगरी रस्त्याने येणाऱ्याला उलगडत नाही.

कोर्चुला शहराची आखणी त्याहूनही विचारपूर्वक केलेली आहे. चिंचोळ्या भूशिरावर वसलेल्या या तटबंदीच्या शहरात मधोमध एक मुख्य रस्ता असून त्याला दोन्ही बाजूंनी माशाच्या काट्यांसारख्या गल्ल्या फुटतात. पश्चिमेकडील गल्ल्या सरळ आहेत, जेणेकरून उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून वाहणारा माएस्त्राल हा सुखद वारा शहरात खेळावा. पूर्वेकडील गल्ल्यांना मात्र बाक दिलेला आहे, जेणेकरून हिवाळ्यात डोंगरांवरून कोसळणाऱ्या बुरा या कोरड्या, थंड वाऱ्याचा जोर तेथेच मोडावा. हे दोन वारे आणि आग्नेयेकडून पाऊस व मोठ्या लाटा आणणारा युगो यांच्यावरच आजही लहान जहाजाचा कप्तान रात्रीचा मुक्काम ठरवतो, त्यामुळे छापील कार्यक्रमपत्रिकेतील बंदर ऐन वेळी बदलले तर त्यात वावगे काही नसते.

ह्वार बेटावरच दुसऱ्या बाजूला, लांबवर आत शिरलेल्या खाडीच्या टोकाशी स्तारी ग्राद आहे. पारोस बेटावरील ग्रीकांनी इ. स. पू. ३८४ मध्ये येथे वसाहत केली आणि लगतच्या मैदानाची आयताकृती तुकड्यांत विभागणी केली. दगडी बांधांची ती विभागणी आजही द्राक्षे आणि ऑलिव्ह यांच्या शेतांत टिकून आहे, म्हणून युनेस्कोने २००८ मध्ये या मैदानाला जागतिक वारसा ठरवले. विस हे बेट युगोस्लाव्हियाच्या काळात लष्करी तळ होते आणि १९८९ पर्यंत परदेशी पर्यटकांना तेथे प्रवेश नव्हता. या बंदीमुळेच ते हॉटेलांच्या गर्दीतून वाचले.

या सफरींची जहाजे मोठ्या कंपन्यांच्या गोद्यांतून एकाएकी उतरलेली नाहीत. स्प्लिटजवळील क्रिलो येसेनित्से या गावातील दर्यावर्दी कुटुंबांनी जुनी मालवाहू लाकडी जहाजे प्रवाशांसाठी बदलून घेतली आणि पुढे पोलादी जहाजे बांधली. कप्तान स्वतःच मालक आणि नातलग खलाशी, अशी रीत तेथे अजूनही दिसते. बहुतेक जहाजांवर न्याहारी आणि दुपारचे जेवण मिळते, दुपारी एखाद्या निवांत उपसागरात पोहण्यासाठी थांबा असतो आणि रात्रीचे जेवण प्रवाशांनी बंदरातील खानावळीत घ्यावे अशी अपेक्षा असते. दिसायला किरकोळ वाटणारी ही व्यवस्था आर्थिकदृष्ट्या फार महत्त्वाची आहे. ज्या जहाजावर सर्व जेवणे, खरेदी आणि करमणूक तिकिटातच येते, त्याचे प्रवासी गावात गर्दी करतात पण पैसा जहाजावरच ठेवतात; येथे संध्याकाळ गावाच्या वाट्याला येते.

मोठ्या जहाजांनी काय होते, याचा अनुभव याच समुद्राने घेतला आहे. इटलीने १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० ग्रॉस टनेजपेक्षा किंवा १८० मीटर लांबीपेक्षा मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यात बंदी केली. (ग्रॉस टनेज हे वजन नव्हे, ते जहाजातील बंदिस्त जागेच्या घनफळाचे माप आहे.) दुब्रोव्हनिकनेही क्रूझ कंपन्यांशी बोलणी करून २०१९ पासून एका वेळी दोनच मोठी जहाजे, अशी मर्यादा घालून घेतली. हे शहर व्हेनिसच्या बरोबरीने समुद्रावर वावरणारे स्वतंत्र प्रजासत्ताक होते आणि तेव्हा त्याला रागुझा म्हणत. गोव्यातील तिसवाडी तालुक्यात गवंडाळी येथे असलेल्या सेंट ब्लेझच्या चर्चचा संबंध सोळाव्या शतकात तेथवर पोहोचलेल्या रागुझाच्या व्यापाऱ्यांशी जोडला जातो. सेंट ब्लेझ हे दुब्रोव्हनिकचे संरक्षक संत होत. त्या शहराच्या जुन्या बंदरात आज फक्त लहान नौकाच शिरू शकतात.

तथापि लहान असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. हंगामात एकाच धक्क्याला पाचसहा जहाजे एकमेकांना खेटून बांधली जातात, बाहेरच्या जहाजावरील प्रवाशांना आतल्या जहाजांच्या डेकवरून चालत किनारा गाठावा लागतो आणि जनित्रांची घरघर गावाला ऐकावी लागते. दर प्रवाशामागे जळणारे इंधन लहान जहाजात कमी असतेच असे नाही. अधिक गंभीर हानी दिसत नाही अशा ठिकाणी होते: भूमध्य समुद्राच्या तळाशी पोसिडोनिया नावाच्या वनस्पतीची कुरणे असतात. ही वनस्पती शैवाल नसून फुले येणारी आहे, माशांच्या पिलांना आसरा देते आणि तळाची वाळू धरून ठेवते. ती वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर पसरते, त्यामुळे नांगराच्या साखळीने एका दुपारी खरवडलेला पट्टा भरून यायला कित्येक दशके जाऊ शकतात. स्पेनच्या बालेआरिक बेटांनी २०१८ मध्ये या कुरणांवर नांगर टाकण्यास मनाई केली. पोहण्याचा थांबा हेच जेथे सफरीचे मुख्य आकर्षण आहे, त्या दाल्मेशियात हा प्रश्न तितकाच निकडीचा मानला गेला पाहिजे. जहाजाच्या लांबीइतकाच जहाजांच्या संख्येलाही आळा घातला, तरच या बंदरांची जुनी मापे टिकतील.

अशी सफर निवडणाऱ्या मराठी पर्यटकांनी खोलीचे क्षेत्रफळ विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: जहाज किती रात्री धक्क्याला लागते, किती संध्याकाळी जेवणासाठी गावात उतरता येते, आणि पोहण्याच्या थांब्यावर नांगर वाळूत टाकतात की कुरणावर.