एका भरतीत दोन बोटी

मागच्या बैठकीत बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, तरी आम्ही कुणी उठलो नाही. आमच्या गटातल्या एक मावशी लेकीकडे इंग्लंडला पाच महिने राहून परत आल्या होत्या. लेक-जावयानं त्यांना आठवडाभर बोटीवर नेलं होतं, तेही समुद्रात नाही, कालव्यात. आम्हाला हसूच आलं. कालवा म्हणजे आपला पाट, त्यात बोट कशी चालणार? पण मावशी सांगत गेल्या आणि दिवेलागण कधी झाली ते कळलं नाही. नंतर आम्ही थोडं वाचूनही पाहिलं. त्यातलं आज सांगतो.

तिकडचे बहुतेक कालवे शेतीला पाणी द्यायला खोदलेले नाहीत, माल वाहायला खोदलेत. मँचेस्टरला कोळसा पोचवणारा ब्रिजवॉटर कालवा १७६१ साली सुरू झाला आणि मग देशभर कालव्यांचं जाळं झालं. काठानं घोडा चालायचा आणि दोरानं बोट ओढायचा. पुढे रेल्वे आली, रस्ते आले, माल तिकडे गेला. आता काही लोक सुट्टीत बोट भाड्यानं घेऊन फिरतात, तर हजारो लोक बोटीतच घर करून राहतात. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट नावाची संस्था सांभाळते.

या बोटीला नॅरोबोट म्हणतात. रुंदी सात फुटांनाही जरा कमी, म्हणजे आपल्या एसटीपेक्षा अरुंद. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत असते. आत चूल, ओटा, पलंग, संडास, सगळं एका ओळीत. कुणी मागे निघालं की दुसऱ्यानं अंग चोरून उभं राहायचं. वेग ताशी चार मैल, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. सुट्टीला बोट भाड्यानं घ्यायची तर चालवायचं लायसन लागत नाही. बोटवाला तासभर शिकवतो आणि दांडा हातात देतो. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. पहिल्या दिवशी जावई दोनदा काठाच्या झुडपात शिरले, असं मावशींनी अगदी चवीनं सांगितलं.

आता लॉक समजून घेऊ, कारण तिथली बरीचशी रीतभात लॉकवरून आली आहे. टेकडी आली की कालव्याचं पाणी एका पातळीवर राहत नाही. मग वरचं पाणी आणि खालचं पाणी यांच्यामध्ये एक दगडी खोली बांधतात. तिला वरच्या बाजूला दार आणि खालच्या बाजूलाही दार. तुम्ही खालून आलात की रिकाम्या खोलीत बोट घालायची, मागचं दार लावायचं आणि वरच्या बाजूच्या लहान झडपा उघडायच्या. वरचं पाणी आत येतं, बोट त्याच्यासोबत वर उचलली जाते. पातळी सारखी झाली की वरचं दार ढकलून बाहेर पडायचं. उतरताना सगळं याच्या उलट. झडपा उघडायला एक वाकडा लोखंडी हँडल असतो, तो प्रत्येक बोटीवर असतोच. दार उघडायला मात्र लाकडाच्या लांब दांड्याला पाठ लावून रेटावं लागतं. मावशी म्हणाल्या, जात्यावर बसलेल्या बाईला यात काही अवघड नाही.

मॅकल्सफील्ड नावाच्या कालव्यावर बोस्लीजवळ असे बारा लॉक एकापाठोपाठ आहेत. मावशींची मंडळी खालून वर चढत होती. चार लॉक पार झाले. पाचव्यापाशी आले तर लॉक पाण्यानं भरलेला, आणि वरून एक बोट येताना दिसत होती. जावयांना घाई. त्यांनी खालच्या झडपा उघडल्या, लॉक रिकामा केला आणि आपली बोट आत घालायला निघाले. वरच्या बोटीवरून सत्तरीच्या एक बाई हँडल घेऊन चालत आल्या. ओरडल्या नाहीत. नुसतं विचारलं, आम्ही येताना तुम्हाला दिसलो नाही का?

मग त्यांनी समजावलं. लॉक भरलेला होता, म्हणजे वरून येणाऱ्या बोटीसाठी तो तयार होता. ती बोट आत आली असती आणि पाणी सोडून खाली उतरली असती. लॉक आपोआप रिकामा झाला असता आणि मावशींची बोट त्यात शिरली असती. एका भरतीत दोन बोटी गेल्या असत्या. जावयांनी एक भरती अशीच खाली सोडून दिली. ही एक भरती म्हणजे लाख लिटरच्या वर पाणी. आपल्या भाषेत, दहा हजार लिटरचे दहा-बारा टँकर. ते पाणी डोंगरातल्या तलावातून आलेलं असतं, आणि खाली गेलं की सहसा परत वर येत नाही.

हे ऐकल्यावर बैठकीत जरा शांतता झाली. टँकरची वाट बघत हंडे मांडून बसलेल्या आम्ही, आम्हाला हा हिशोब समजावून सांगायला लागला नाही. तिकडे पाऊस भरपूर, तरी २०२५ च्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं आणि लीड्स-लिव्हरपूल, मॅकल्सफील्डसारख्या कालव्यांवर लॉक बंद ठेवावे लागले. बोटीत राहणारे लोक होते तिथेच अडकून पडले.

म्हणून लॉक तुमच्या बाजूनं तयार नसेल तर आधी समोरून कुणी येतंय का बघायचं. येत असेल तर थांबायचं, आणि त्यांची दारं आपण उघडून द्यायची. रुंद लॉकमध्ये दोन बोटी शेजारी मावतात, तिथे मागच्या बोटीसाठी थोडं थांबून दोघांनी मिळून जायचं. निघताना झडपा पूर्ण खाली आणि दारं बंद, हे दोनदा बघायचं. एक झडप उघडी राहिली तर रात्रभर पाणी गळतं आणि सकाळी वरच्या बाजूच्या बोटी चिखलात बसलेल्या असतात.

लॉकमध्ये धोकाही आहे. वरच्या दाराच्या आत पाण्याखाली एक दगडी उंबरठा असतो. उतरताना बोटीची मागची बाजू त्यावर अडकली तर पाणी उतरत जातं, पुढची बाजू खाली जाते आणि बोट बुडू शकते. त्यासाठी भिंतीवर पांढरी रेघ असते, बोट त्या रेघेच्या पुढेच ठेवायची. अडकतेय असं वाटलं की आधी झडपा बंद. बोट पंधरा-वीस टनांची असते, तिला काठापासून दूर ठेवायला हातपाय मध्ये घालायचे नाहीत.

काठाला बांधलेल्या बोटीजवळून जाताना वेग अगदी कमी करायचा. जोरात गेलं तर पाणी ओढलं जातं, बांधलेली बोट हिसके खाते, जमिनीत ठोकलेल्या खुंट्या उपटतात आणि आत कुणाचा उकळता चहा सांडतो. दोर चालण्याच्या वाटेवर आडवा टाकायचा नाही. खुंटीला पांढरी पिशवी बांधायची, म्हणजे अंधारात कुणी अडखळणार नाही. खिडकीतून आत डोकवायचं नाही आणि न विचारता दुसऱ्याच्या बोटीवर पाय ठेवायचा नाही, कारण ते कुणाचं तरी घर आहे. रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन बंद.

पाण्याचा नळ ठरावीक ठिकाणी असतो. टाकी भरायला तासभरही लागतो. तेवढ्या वेळात कपडे धुवा, कचरा टाकून या, पण टाकी भरली की बोट हलवा, मागे रांग असते. नळावरची भांडणं आपल्यालाच ठाऊक आहेत असं नाही! संडासाचा डबा ठरलेल्या जागीच नेऊन रिकामा करायचा, कालव्यात कधीच नाही. भांड्यांचं पाणी मात्र थेट कालव्यात जातं, म्हणून तेलकट ताटं आधी कागदानं पुसून घेतात. थंडीत कोळशाची शेगडी पेटते. बंद जागेत तिचा विषारी वायू साठला तर झोपेतच जीव जातो, म्हणून धोक्याची घंटा वाजवणारं यंत्र बसवणं सक्तीचं आहे. आपल्याकडे थंडीत दार लावून शेगडी पेटवणाऱ्या बायांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

मावशींना शेवटच्या मुक्कामी एक तरुण आई भेटली. लेकराला घेऊन बोटीत राहते, कारण घरभाडं परवडत नाही. बोट बांधायची कायमची जागा घ्यायला वेगळे पैसे लागतात. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांना १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सहसा चौदा दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, पुढे सरकत राहावं लागतं. २०२४ पासून अशा बोटींना लायसनचे पैसेही जास्त पडतात. मग मुलाची शाळा दर पंधरवड्याला लांब किंवा जवळ होते. ट्रस्टचं म्हणणं, जागा सगळ्यांना मिळायला हवी. ते खोटं नाही. पण चौदा दिवसांचा हिशोब करताना शाळेचं वर्ष कुणी धरलं नाही, असं आम्हाला वाटतं. पूर्वी मालाच्या बोटींवरही अख्खं कुटुंब दहा फुटांच्या खोलीत राहायचं, बाई कडेवर पोर घेऊन दांडा धरायची, आणि पोरांच्या शाळेचा प्रश्न तेव्हाही होताच. दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले तेव्हा शहरातल्या तरुण मुलींनी येऊन मालाच्या बोटी चालवल्या.

पाचव्या लॉकनंतर मावशींना एक काम मिळालं होतं. बोटीच्या पुढे काठानं चालत जायचं, पुढचा लॉक भरलेला आहे की रिकामा, वरून कुणी येतंय का, हे बघायचं आणि मागे हात करून सांगायचं. भाषा येत नसली तरी अडलं नाही. उरलेल्या सात लॉकमध्ये तीन बोटी समोरून आल्या आणि तिन्ही वेळा त्यांनी जावयांना थांबवलं.

पुढच्या मंगळवारी याच वेळी शेवग्याच्या पाल्याची पावडर कशी करायची ते बोलू.