ओसरीवरील रोपवाटिका

थंड देशांत भाजीपाल्याचें बीं घरांत पेरतात तें थंडीच्या भीतीनें. आपल्या खानदेशांत तेंच काम उन्हाच्या भीतीनें करावें लागतें. मे महिन्यांत जळगांव-धुळ्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पावसाळी वांग्या-मिरचीचें रोप टाकण्याची वेळही तीच. उघड्या वाफ्यांतील बीं निम्मेंअधिक करपतें. उरलेलें वळवाच्या पहिल्या सरीनें वाहून जातें. संकरित बियाण्याची किंमत पाहतां ही नासाडी सोसणें कठीण आहे.

म्हणून घरापुरती बाग किंवा चार गुंठे भाजीपाला करणारांनीं ओसरीवरच रोपें वाढवावीं. त्याकरितां विकतचें कांहीं लागत नाहीं. तेलाचे रिकामे डबे, दुधाच्या पिशव्या, फुटक्या माठाचीं बुडें, करवंट्या, यांपैकीं हाताशीं असेल तें घ्यावें. भांडें कोणतें हा प्रश्न गौण आहे. त्याच्या बुडास भोंकें हवींत. पाणी सांचलें कीं बुरशी धरते, कोवळीं रोपें मातीलगत मऊ पडून कोलमडतात, आणि एक-दोन दिवसांत सारा डबा बसतो. दाट पेरणीनेंही हाच रोग बळावतो.

औषधांचीं रिकामीं भांडीं मात्र कितीही धुतलीं तरी घेऊं नयेत. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणें तीं पुन्हां वापरतां येणार नाहींत अशा रीतीनें नष्ट करावयाचीं असतात. तणनाशकाचा अल्पसा अंशही टोमॅटोच्या रोपास पुरेसा होतो.

नुसती काळी माती भरूं नये; ती सुकतांच भेगाळते व मुळें तुटतात. पोयटा, मुरलेलें शेणखत व नदीची वाळू समभाग चाळून घ्यावीं. बीं दोन सुतांहून खोल नसावें. झारीऐवजीं डबा परातभर पाण्यांत घटकाभर ठेवावा. माती खालून ओल ओढून घेते. अंकुर दिसतांच सकाळचें कोंवळें ऊन द्यावें, नाहींतर रोपें उंच व लेंचीपेंची होतात. टोमॅटो साधारण चार आठवड्यांनीं, वांगें पांच व मिरची सहा आठवड्यांनीं लावणीस येते. जळगांवच्या ज्या भरिताच्या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचें घरचें बीं राखणारांना तर ही रीत विशेष सोयीची आहे.

गिलकें, दोडका, भोपळा यांना मुळें दुखावलेलीं खपत नाहींत. केळीच्या सोपटाचे द्रोण करून प्रत्येकांत दोन बिया लावाव्या, आणि दोन-तीन पानांवर रोप आलें कीं द्रोणासकट जमिनींत बसवावें. सोपट आपोआप कुजतें.

येथें रावेर-यावलकडील केळी बागायतदारांनीं सावध राहिलें पाहिजे. केळीवरील हरण्या रोगाचा विषाणू काकडी-भोपळ्याच्या वेलांवर, मिरचीवर व टोमॅटोवरही जगतो, आणि मावा तो केळीवर नेतो. तेव्हां सोपट निरोगी खोडाचेंच घ्यावें, डब्यांवर पातळ मलमल झांकावी, आणि हीं रोपें नव्या केळींत आंतरपीक म्हणून किंवा तिच्या बांधाला कदापि लावूं नयेत.

लावणीपूर्वीं आठवडाभर पाणी कमी करावें व ऊन वाढवीत न्यावें. लावणी संध्याकाळीं करावी. रिकामे झालेले डबे धुऊन कडक उन्हांत वाळवून ठेवले, म्हणजे हिंवाळी कोबीच्या रोपास तेच उपयोगीं पडतात.