प्रयोगशाळेतील हिशेबनीस

मधुमेह हा सुखवस्तू व स्थूल माणसांचा रोग, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. आमच्या बमरोलीत यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा सडपातळ कामगार याच समजुतीमुळे रक्त तपासून घ्यायला सहसा जात नाही. ही समजूत खोटी ठरविणाऱ्या संशोधकांचे काम वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही कळेल असे आहे, कारण ते बरेचसे हिशेबाचे आहे.

स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात व त्याच्या साहाय्याने रक्तातील साखर शरीराच्या कामी येते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात जंतूंशी लढणारी आपली प्रतिकारयंत्रणाच या पेशींवर उलटते. दुसरा प्रकार अधिक रुग्णांत आढळतो. त्यात इन्सुलिन असते, पण ते नीट लागू पडत नाही व पुढे अपुरेही पडते.

मग रक्तातले इन्सुलिन मोजावे कसे? ते असते अत्यल्प. न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांना १९५० च्या दशकात असे आढळले की, जनावरांचे इन्सुलिन टोचलेल्या रुग्णांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. या प्रतिपिंडांनाच त्यांनी तराजू बनविले. ठरावीक प्रतिपिंडे, ठरावीक किरणोत्सारी इन्सुलिन आणि रुग्णाचे रक्त एकत्र करायचे. एस.टी.त जागा मोजक्या असल्या की जसे होते, तसेच येथे होते. रक्तातले इन्सुलिन जितके जास्त, तितके किरणोत्सारी इन्सुलिन जागेवाचून राहते. ते मोजले की हिशेब लागला! यॅलो या मूळच्या भौतिकशास्त्रज्ञ. दोघांनी या पद्धतीचे पेटंट घेतले नाही. यॅलोंना १९७७ चे नोबेल मिळाले, पण बर्सन १९७२ मध्येच वारले होते.

आता पुण्याकडे वळू. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण त्या मानाने चरबी टिकून होती. पुढे २००४ साली याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे व इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! बारीक दिसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे याहून सोपे कोण सांगणार?

आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांनाही अभिमान वाटावा असा दाखला म्हैसूरचा आहे. तेथील होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयाने १९३४ पासून जपलेल्या जन्मनोंदींवरून संशोधकांनी ती बाळे प्रौढपणी शोधून काढली व जन्मवेळची मापे आणि मधुमेह यांचा संबंध तपासला. ज्या कारकुनाने वा परिचारिकेने ती वजने लिहिली, तिला हा उपयोग ठाऊक नव्हता. नोंद मात्र चोख होती.

सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी., मग पीएच.डी., असा या क्षेत्राचा नेहमीचा मार्ग आहे. संख्याशास्त्र जाणणाऱ्यांनाही येथे जागा आहे. मात्र फळ उशिरा मिळते. पुण्याची तीच मुले सहाव्या, बाराव्या व अठराव्या वर्षी पुन्हा मोजावी लागली. ज्याला इतकी वर्षे खातेवही उघडी ठेवण्याचा धीर आहे, त्यानेच या वाटेला जावे.