गोमतीकाठचा मरीन ड्राइव्ह

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास लखनौच्या गोमती नगरात ई-रिक्षावाले "मरीन ड्राइव्ह, मरीन ड्राइव्ह" असा पुकारा करू लागतात, तेव्हा महाराष्ट्रातून नुकत्याच बदलून आलेल्या माणसाची पावले थबकतात. पुष्पक एक्सप्रेसने मुंबई गाठायची तर येथून जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र लागते. आसपास समुद्र नाही, खाडी नाही, खारा वाराही नाही. तरीही माणसे रिक्षात दाटीवाटीने बसतात आणि थोड्याच वेळात खरोखरच 'मरीन ड्राइव्ह'वर उतरतात.

उतरल्यावर दिसतो तो गोमतीच्या बांधालगतचा रुंद रस्ता. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला आंबेडकर स्मारकाचा विस्तीर्ण गुलाबी परिसर, मध्ये ऐसपैस पदपथ आणि ओळीने लागलेले दिवे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हचे अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग असे आहे, हे अनेक मुंबईकरांच्याही ध्यानात नसते. लखनौच्या या रस्त्याचे नामकरण तर कोणत्याही पाटीने केलेले नाही, ते लोकांच्या तोंडूनच रूढ झाले. नाव घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी मुंबई पाहिली आहे ती केवळ हिंदी चित्रपटांत. पडद्यावर नायक-नायिका कठड्यावर बसून दूर पाहत असतात, तसे बसून दूर पाहता येईल अशी जागा गावात मिळाली की तिला दुसरे कोणते नाव सुचावे? समोर गोमती संथ असते, उन्हाळ्यात तर तिला प्रवाह आहे की नाही असा प्रश्न पडावा इतकी संथ. पण दिवे लागले की पाण्यात त्यांची प्रतिबिंबे उमटतात आणि तेवढ्यापुरता 'राणीचा हार' पुरा होतो.

गोमती नगर ही काही नवाबांची नगरी नव्हे. लखनौ विकास प्राधिकरणाने १९८० च्या दशकात नदीच्या पलीकडच्या शेतजमिनीवर आखलेली ही वसाहत आहे. उजरियांवसारखे एखादे जुने गाव तिच्या पोटात अजून तग धरून आहे. बाकी सारे चौकोनी आणि आखीव. नावे देताना मात्र आखणाऱ्यांनी अनुप्रासाचा हट्ट धरलेला दिसतो. विनय खंड, विनीत खंड, विनम्र खंड, विशाल खंड, विपुल खंड, विवेक खंड, विकास खंड, विश्वास खंड, विभूती खंड आणि थकलेल्या माणसासाठी जणू विराम खंड! पुण्याच्या पेठांत वाढलेल्या माणसाला वाराची नावे पाठ असतात, येथे त्याला 'वि'ची बाराखडी नव्याने गिरवावी लागते. विनय खंडातल्या बारशाला निघालेले कुटुंब भेटवस्तूसह विनीत खंडातल्या अनोळखी दारात उभे राहते, आणि लखनौची रीत अशी की तेथेही त्यांना आधी बसवून पाणी विचारले जाते व मगच पत्ता सांगितला जातो.

अशा नव्या वसाहतीत संध्याकाळी जायचे कोठे? जुन्या लखनौकराला हा प्रश्न पडत नसे. तो हजरतगंजात जाई. तेथे रमतगमत हिंडण्याला 'गंजिंग' असे खास क्रियापद आहे आणि ते इंग्रजी प्रत्ययासह हिंदीत सुखाने नांदते. गंजिंगला खरेदीची अट नाही. कपडे मात्र बरे हवेत, चाल सावकाश हवी आणि ओळखीचे कोणी भेटले तर घाई दाखवायची नाही. मेफेअर चित्रपटगृहाच्या इमारतीत राम अडवाणी यांचे पुस्तकांचे दुकान होते. तेथे पुस्तक विकत घेण्याइतकेच पुस्तकांविषयी बोलायलाही लोक जात. मेफेअर केव्हाच बंद पडले. २०१६ मध्ये अडवाणींचे निधन झाले आणि ते दुकानही राहिले नाही. हजरतगंज आजही गजबजलेले आहे, पण नदीपलीकडच्या रहिवाशाला वाहनांच्या रांगांतून तेथवर जाऊन गाडी कोठे लावायची, ही चिंता असते. मग गंजिंगच पूल ओलांडून इकडे आले.

इकडे आल्यावर त्याला आधी मॉल भेटले. २००० नंतरच्या दशकात विभूती खंडात आणि आसपास ते उभे राहिले, त्यांच्याबरोबर मल्टिप्लेक्स आले आणि 'सिनेमाला जाऊ' याचा अर्थ 'मॉलला जाऊ' असा झाला. २०२० मध्ये गोमती नगर विस्तारात 'फिनिक्स पलासिओ' उघडला. या नावापाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबायला हरकत नाही. फिनिक्स ही मूळची लोअर परळची कापड गिरणी, १९०५ साली स्थापन झालेली. गिरणगावात जिच्या भोंग्यावर चाळी जाग्या होत, तिच्या आवारात पुढे बाजारपेठ थाटली गेली आणि त्याच कंपनीने लखनौपर्यंत मॉल नेले. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव ओसरत गेले, त्या काळी उत्तर प्रदेशातून आलेले कामगारही त्या गिरण्यांत होते. त्यांच्यापैकी एखाद्याचा नातू आज या मॉलच्या सरकत्या जिन्यावर उभा असेल, तर हे नाव आपल्या आजोबांच्या हजेरीपटाशी नाते सांगते, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही.

मॉलविषयी नाके मुरडण्याचे कारण नाही. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या मुलांच्या आयांना तेथली गार हवा ही मोठीच सोय असते. पण तेथे गंजिंग होत नाही हे खरे. हिंडता हिंडता कशाची तरी पिशवी हाती येतेच, आणि चौघांचे कुटुंब सिनेमा पाहून, काहीबाही खाऊन बाहेर पडते तेव्हा महिन्याच्या हिशेबात एक खिंडार पडलेले असते. करोनाच्या काळात चित्रपटगृहांना टाळे लागले असताना, १२ जून २०२० रोजी, 'गुलाबो सिताबो' हा लखनौच्या एका पडक्या हवेलीवरचा चित्रपट थेट घरच्या पडद्यावर प्रदर्शित झाला. अमिताभ बच्चन यांच्यासारखा अभिनेता असूनही मोठा पडदा वगळणारा तो पहिल्या काही हिंदी चित्रपटांपैकी एक होता. आपल्याच शहरातल्या हवेलीची भांडणे गोमती नगरकरांनी आपापल्या सदनिकांत, मोबाइल उशीला टेकवून पाहिली. तेव्हापासून सिनेमासाठीच घराबाहेर पडले पाहिजे असे राहिले नाही. बाहेर पडायचे ते बाहेर पडण्यासाठी, ही जुनी गंजिंगची वृत्ती अशा आडवाटेने परत आली आणि मोकळ्या जागांची किंमत लोकांना कळली.

मोकळ्या जागांच्या बाबतीत गोमती नगर खरोखर भाग्यवान आहे. त्यांची नावे वाचली तर उत्तर प्रदेशाच्या राजकारणाचा निम्मा अभ्यास होतो. सकाळी फिरणाऱ्यांचे आवडते ठिकाण राममनोहर लोहिया उद्यान आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावात सभा घेऊन गोवा मुक्तीची ठिणगी टाकणारे ते हेच लोहिया. त्यांचे अनुयायी, 'छोटे लोहिया' म्हणून ओळखले जाणारे जनेश्वर मिश्र यांच्या नावाचे उद्यान ५ ऑगस्ट २०१४ रोजी खुले झाले. त्याचे क्षेत्रफळ ३७६ एकर, म्हणजे दादरच्या शिवाजी पार्कासारखी तेरा मैदाने आत मावतील. तळ्याकाठी थंडीत पाहुणे पक्षी उतरतात, तरुण मुले सायकली दामटतात आणि सेवानिवृत्त मंडळी चालण्यापेक्षा बाकावर बसून सरकारवर टीका करण्यात अधिक रमतात.

आणि मग ते गुलाबी स्मारक. डॉ. भीमराव आंबेडकर सामाजिक परिवर्तन प्रतीक स्थळ हे त्याचे पूर्ण नाव. १९९५ साली पायाभरणी झाली आणि नव्या भव्य रूपात ते २००८ मध्ये खुले झाले. १०७ एकरांवर राजस्थानातून आणलेला वालुकाश्म, दुतर्फा मांडलेले ६२ दगडी हत्ती, आणि मुख्य स्तूपात खुर्चीवर बसलेले बाबासाहेब. वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकाची आठवण यावी अशी ती बैठक आहे. या स्मारकाच्या खर्चावरून पुष्कळ वाद झाले. २०१२ च्या जानेवारीत तर विधानसभा निवडणुकीपूर्वी निवडणूक आयोगाच्या आदेशाने हत्ती झाकावे लागले. एवढे हत्ती झाकायचे म्हणजे केवढे कापड, याचीच चर्चा तेव्हा गावभर होती. सावली कमी आणि दगड फार, ही तक्रारही खरी आहे. दुपारी दोन वाजता तेथे अनवाणी उभे राहून पाहावे.

परंतु १४ एप्रिलला आलेली गर्दी पाहिली की हा वाद वेगळा दिसू लागतो. बाराबंकी, सीतापूर, हरदोईकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसे येतात. बायका ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, मुले खांद्यावर, शिदोरी बरोबर. त्यांच्यातले बरेच जण मॉलच्या काचेच्या दारापाशी घुटमळले असते, येथे मात्र ते घरच्यासारखे पायऱ्यांवर पसरून बसतात. जोतीराव फुले आणि राजर्षी शाहू महाराज यांचे पुतळेही येथे आहेत. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला त्यांची ओळख करून घ्यावी लागत नाही, आणि बाराबंकीच्या शेतमजुरालाही लागत नाही. भाषा वेगळी असूनही दोघे एका पायरीवर बसून एकाच माणसाविषयी बोलू शकतात. गोमती नगरात अशी दुसरी जागा सापडणे कठीण.

मराठी नावांची ही मालिका येथेच थांबत नाही. उत्तर प्रदेश संगीत नाटक अकादमी गोमती नगरातच आहे आणि तिच्या मुख्य सभागृहाचे नाव आहे संत गाडगेजी महाराज प्रेक्षागृह! १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले, हातात खराटा आणि डोक्यावर फुटके गाडगे घेऊन दिवसा गाव झाडणारे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडणारे आपले गाडगेबाबा. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, स्वतः मात्र झाडाखाली निजले. उत्तर प्रदेशातील धोबी समाजात त्यांना फार मान आहे, आणि त्यामुळेच त्यांचे नाव इतक्या दूरच्या रंगमंदिरावर शोभते. आत कथकचे तोडे वाजतात, हिंदी नाटकांचे पडदे वर जातात. बाहेर पडताना प्रेक्षक खुर्चीखाली कागदाचे कपबिप टाकून जातात तेव्हा मात्र बाबांचा खराटा आठवल्यावाचून राहत नाही.

कलेच्या क्षेत्रातील ही देवघेव त्याहून जुनी आहे. मुंबईच्या वाळकेश्वरचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौत मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. पुढे कित्येक वर्षे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्याचे प्राचार्य होते. १९६६ मध्ये त्याला भातखंड्यांचे नाव मिळाले आणि आज ते विद्यापीठ आहे. ते कैसरबागेत, नदीच्या अलीकडे. तेथे शिकणाऱ्या मुली संध्याकाळी तंबोऱ्याची गवसणी सांभाळत गोमती नगरच्या रिक्षात चढताना दिसतात.

मुलींचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट टाळता येत नाही. ३१ जुलै २०२४ रोजी लखनौत मुसळधार पाऊस झाला. मरीन ड्राइव्हपासून फार दूर नसलेल्या एका पुलाखाली पाणी तुंबले आणि तेथे जमलेल्या टोळक्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांवर पाणी उडवीत हैदोस घातला. दुचाकीवर मागे बसून चाललेल्या एका तरुणीला त्या पाण्यात ओढून पाडले. कोणीतरी मोबाइलवर टिपलेले ते दृश्य रात्रीपर्यंत देशभर पोहोचले. अटका झाल्या, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, विधानसभेत निवेदन झाले. महिलांसाठीच्या '१०९०' या मदतवाहिनीचे कार्यालय याच परिसरात आहे. २०१२ मध्ये ती सुरू झाली आणि तेथल्या चौकाला लोक '१०९० चौराहा' असेच म्हणतात. चौकाला असे नाव मिळूनही त्या संध्याकाळी जे घडले ते घडले. त्यानंतर काही दिवस पदपथावर गर्दी नेहमीपेक्षा लवकर पांगत असे. घरोघरी आया मुलींना "आठच्या आत ये" असे बजावू लागल्या. मुलांना असे कोणी बजावल्याचे ऐकिवात नाही, आणि खरे तर बजावायला हवे होते ते त्यांनाच.

तरी मुली पुन्हा आल्या. आज कठड्यावर त्या घोळक्याने बसलेल्या असतात, एकीच्या मांडीवर वाढदिवसाचा केक, दुसरीच्या हातात मोबाइल. शेजारी एखादे मराठी कुटुंब असते. आजी सुरुवातीला "हा कसला मरीन ड्राइव्ह?" म्हणून हिरमुसलेली असते, आणि वारा सुटला की पदर सावरत "बरं आहे हो" म्हणते. नातवंडांचे लक्ष बताशांच्या गाडीवर असते. पाणीपुरीला येथे 'पानी के बताशे' म्हणतात आणि पाण्याचे दोन-तीन तरी निराळे प्रकार असतात, जिऱ्याचे, पुदिन्याचे, हिंगाचे. आजी पहिला बताशा शंकेने खाते, दुसरा चवीने.

पैसे देऊन झाल्यावर ती हात पुढे करून थांबते. सूनबाई ओशाळून म्हणते, "आई, इथे मागत नाहीत हो." पण गाडीवाल्याने हात ओळखलेला असतो. "माताजी, सूखावाला ना?" असे म्हणत तो एक कोरा बताशा उचलतो, त्यावर चिमूटभर मसाला टाकतो आणि आजीच्या तळहातावर ठेवतो.